डावीकडचं वजन

काटेवाल्याच्या हाताची ख्याती अशी, की कुणी भाजीची पिशवी नुसती त्याच्या हातात दिली तरी तो खालीवर करून म्हणायचा, "काटा मारलाय रे तुला." आणि काटा मारलेलाच असायचा! अख्ख्या बाजारातले वजनकाटे त्याच्याकडे दुरुस्तीला यायचे. दांडी वाकली, दांडी जिच्यावर डुलते त्या सुरीची धार बोथट झाली, स्प्रिंग सैल पडली, की चला काटेवाल्याकडे. असा माणूस सख्ख्या बहिणीच्या वजनात चुकला. तोही कसा, तर हातात पाना घेऊन, घाम गाळून, अगदी मन लावून चुकला. काय म्हणावं या माणसाला!

खाली दुकान, वर दोन खोल्या आणि मागच्या अंगाला पत्र्याची शेड. त्या शेडमध्ये साईडकारची मोटारसायकल. ती त्यांच्या वडिलांची. वडीलही काटेवालेच. गावोगावच्या बाजारात जाऊन काटे तपासायचे, आणि लोखंडी वजनं न्यायला म्हणून त्यांनी ही गाडी घेतली होती. वजनं साईडकारच्या तळाशी आणि वजनांवर गोधडी टाकून ही दोन पोरं. ताईच्या मांडीत छोट्या, म्हणजे हाच काटेवाला. वडील गेले, बाजार जवळच आले, वजनं गाडीतून उतरली. छोट्या हँडलवर बसला आणि ताई साईडकारमध्ये एकटी ऐसपैस. दोघांची लग्नं जमायची राहिली ती राहिलीच. त्याचं दुःख करायलाही कधी वेळ झाला नाही. पन्नाशी उलटलेल्या काटेवाल्याला ताई अजून छोट्याच म्हणायची, तेही गिऱ्हाईकांसमोर.

ताई शिवणकाम करायची. वरच्या खोलीत खिडकीशी तिचं मशीन. अंगाने चांगली भरलेली, हसली की खुर्ची हलायची. रविवार आला की डोक्याला घट्ट रुमाल, डोळ्याला वडिलांचा गॉगल, मांडीवर चहाचा थर्मास, आणि "चल रे छोट्या, किती वेळ किक मारतोस, गाडी चालू होतेय की तू?"

ही गाडी रस्त्यावर काढली की माणूस वेळेवर कुठे पोचत नाही. पेट्रोल पंपावर, फाटकाशी, चहाच्या टपरीवर, जो तो तेच विचारणार. कितीची? ॲव्हरेज किती? हा डबा सुटा होतो का? डबा म्हटलं की काटेवाल्याच्या डोक्यात राख जायची. ताईला मात्र चेव यायचा. "होतो ना," ती गंभीर चेहऱ्याने सांगायची, "आमचं भांडण झालं की मी हा डबा सोडवते आणि वेगळ्या रस्त्याने घरी जाते." विचारणारा क्षणभर खरं मानायचा, आणि मग पुढचे दोन मैल ताई एकटीच हसत बसायची.

साईडकारची गाडी चालवणं ही दोघांनी करायची गोष्ट आहे, हे बाहेरच्याला कळत नाही. उजवीकडे वळताना काही वाटत नाही. डावीकडे वळलं, की साईडकारचं चाक जमीन सोडायला बघतं. मग आत बसलेल्याने डाव्या बाजूला अंग झोकून ते खाली दाबायचं. काटेवाला वळणाच्या थोडं आधी ओरडायचा, "वळतोय गं!" आणि ताई बाहेरच्या अंगाला अशी झुकायची, की तिचा रुमाल रस्त्याकडेच्या गवताला लागेल असं वाटावं. तिचं ते झुकणं त्याला हँडलमध्ये कळायचं. बघावं लागायचं नाही.

गाडी जुळवायची सुद्धा ठरलेली रीत होती, वडिलांनी घातलेली. ताईच्या वाढदिवसाला ती दुकानातल्या मोठ्या काट्यावर उभी राहायची. दांडीवरचा तुकडा सरकवत काटेवाला आकडा मोठ्याने वाचायचा, ताई त्याला चापट मारायची. मग जेवढा आकडा तेवढी लोखंडी वजनं साईडकारच्या सीटवर रचायची, म्हणजे ताई बसल्यासारखंच. मग चाकांना लांब सरळ फळ्या लावून, डोळा बारीक करून, साईडकारचं चाक पुढून किंचित आत आणि मोटारसायकल केसभर उजवीकडे कललेली, असं सगळं आवळायचं. एवढं नेमकं, की ताई बसलेली असताना सरळ रस्त्यावर दोन्ही हात सोडले तरी गाडी नाकासमोर जायची. त्या रचलेल्या वजनांना काटेवाला 'लोखंडी ताई' म्हणायचा. ताई म्हणायची, "माझ्यापेक्षा तीच बरी बाबा. बडबडत नाही, चहा मागत नाही." जुळवणी झाली की दोघं दीपगृहापर्यंत जाऊन यायची. वाढदिवस म्हणजे एवढाच.

त्या वर्षी थंडी सरता सरता हँडल उजवीकडे ओढायला लागलं.

आधी अगदी थोडं. काटेवाल्याला वाटलं, रस्ता उतरता असेल. पुढच्या रविवारी परत तेच. शिवाय डाव्या वळणावर चाक हलकं पडत होतं. "साईडकारची स्प्रिंग ताठरली," त्याने जाहीर केलं, आणि साईडकार गाडीला जोडणाऱ्या दांडीचा नट दोन आटे फिरवून गाडी सरळ केली.

"काय झालं रे?" ताईने विचारलं.

"डावी बाजू वर उचलतेय. हलकी झाल्यासारखी."

ताई एरवी एका वाक्याला चार वाक्यं परत करणारी बाई, आणि त्या दिवशी गप्प बसली. तेही त्याच्या ध्यानात आलं नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी गाडी डावीकडे ओढायला लागली! काटेवाल्याने नट परत मागे फिरवला. दोन रविवार बरे गेले. मग पुन्हा उजवीकडे. त्याने नट आवळला, तर पुन्हा डावीकडे. त्याने बेअरिंग बदलली, टायरची हवा तपासली, क्लॅम्प सोडवून घासून परत बसवले. रोज दुकान बंद केलं की हा शेडमध्ये गाडीखाली उताणा. गाडीला शिव्या, स्प्रिंगला शिव्या, स्प्रिंग बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांना शिव्या. "ताई, या गाडीत काहीतरी शिरलंय बघ," तो म्हणायचा. ताई पानात भात चिवडत म्हणायची, "म्हातारी झाली रे ती. सोड ना तिच्या मागचा ससेमिरा."

भात चिवडत होती, हे त्याला दिसत होतं. ऊन चढलं तरी ती दोन स्वेटर घालून बसायची, तेही दिसत होतं. "या वर्षी काट्याचं राहू दे हं छोट्या," ती एकदा म्हणाली, तेव्हा तर हा मोठ्याने हसला. "का? आकडा वाढला वाटतं!" ताईही हसली. या वेळी खुर्ची हलली नाही.

मध्येच आणखी एक झेंगट झालं. दुकानातल्या फळीवरची जुनी वजनं गायब व्हायला लागली. आधी दोन किलोचं एक गेलं, मग आणखी एक, मग पाचाचं. काटेवाल्याने सरळ भंगारवाल्याला धरलं. आठवड्यातून एकदा तोच तर दुकानात यायचा. "लोखंड दिसलं की हात शिवशिवतात काय रे तुझे?" भर रस्त्यात बोलला. भंगारवाला बिचारा शपथा घेत राहिला, आणि मग यायचाच बंद झाला. ताई खिडकीतून सगळं ऐकत होती. संध्याकाळी म्हणाली, "गरिबाला का उगाच बोललास? सापडतील वजनं." तिचा आवाज कसातरीच झाला होता. काटेवाल्याला वाटलं, भंगारवाल्याची कणव आली असेल.

शेवटी त्याने ठरवलं, फ्रेमलाच तडा गेला असणार. दुसरं कारणच उरलं नव्हतं. एका दुपारी गिऱ्हाईक नाही बघून तो शेडमध्ये गेला आणि साईडकार आतून उघडायला घेतली. गालिचा काढला, मग सीट उचलली.

सीटखाली कापडाच्या छोट्या पिशव्या होत्या. जाड कापड, सीटच्या कव्हरातूनच उरलेलं. खडखड होऊ नये म्हणून आत चिंध्या कोंबलेल्या, तोंडं शिवून टाकलेली. चारही पिशव्या पट्टीने नीट बांधलेल्या, गाडी हलली तरी जागेवरून हलणार नाहीत अशा. टाके बघायची गरज नव्हती, पण त्याने बघितले. असे बारीक, एकसारखे टाके त्या घरात एकच बाई घालायची.

त्याने एक पिशवी उचलली. हात लगेच बोलला, दोन किलो. दुसरी, दोन. तिसरी, पाच. चौथी, एक.

पहिल्यांदा त्याला रागच आला. म्हणजे चोर घरातच! आणि मी तिकडे भंगारवाल्याची अब्रू काढली! तो तणतणत उठला, पिशवी हातात घेऊन जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत गेला. आणि तिथे त्याचे पाय थांबले.

डावी बाजू हलकी होत होती. हलकी झाली की तो नट आवळायचा. ताई तेवढंच लोखंड टाकून ती परत जड करायची. मग तो नट सोडायचा. काय टाकायचं, किती टाकायचं, हे तिला कसं कळत होतं? खाली मोठा काटा होताच. तो बाजारात गेला की ती एकटी त्यावर उभी राहत असणार. काटेवाल्याची पोर, काटेवाल्याची बहीण, तिला का दांडी वाचता येत नव्हती? जेवढी ती झिजली, तेवढं लोखंड तिने मोजून भरलं होतं. दहा किलो. त्याच्या हातात ताईचे दोन किलो होते.

त्याने पिशवीखाली दुसरा हातही धरला.

वर मशीनचा आवाज चालू होता. थोडा चालायचा, थांबायचा, परत चालायचा. असा थांबत थांबत तो किती दिवस चालला होता, देव जाणे. मग आवाज बंद झाला आणि ताईने हाक मारली, "छोट्या, खाली आहेस का रे?"

तो वर गेला आणि पिशवी मशीनवर ठेवली. ताईने पिशवीकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि गॉगल काढावा तसा चष्मा काढून ठेवला.

"ताई, काट्यावर चल."

"कशाला? तुला कळलंय की."

"कधीपासून?"

"थंडीत. डॉक्टर म्हणाले, पोटात आहे, पसरलंय. कापून उपयोग नाही." जणू कुणाच्या ब्लाउजचं माप सांगत होती. "म्हणाले, घरात कुणाला तरी सांगा. मी म्हटलं, सांगते."

"मग सांगितलं का नाहीस?" तो ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडला. "मी कोण आहे? दुकानाची पाटी?"

"तू गाडी बंद केली असतीस," ताई म्हणाली. "मला खाटेवर घातलं असतंस आणि उशाशी तोंड पाडून बसला असतास. ओळखत नाही का मी तुला? आईच्या वेळी काय केलंस? तिला सहा महिने खिडकी उघडू दिली नाहीस, वारा लागेल म्हणून. मला वारा लागायला हवाय रे छोट्या. रविवारपुरता तरी. मग तू म्हणालास, डावी बाजू हलकी झालीय. मी म्हटलं, मेले! याच्या हाताला कळलं. आज ना उद्या डोक्याला कळेल."

"नाही ना कळलं डोक्याला," काटेवाला म्हणाला आणि त्याला रडू फुटलं. "दोन महिने हात बोंबलून सांगत होता, ताई. आणि मी गाडी दुरुस्त करत बसलो. स्प्रिंगला शिव्या घातल्या. सांग ना, मी कसला काटेवाला?"

ताई उठली, त्याचं डोकं पोटाशी धरलं. पूर्वी धरायची तसंच. फक्त आता कपाळाला बरगड्या लागत होत्या. "आधी त्या भंगारवाल्याची माफी मागून ये," ती म्हणाली. "माझ्या जिवाला तोच घोर लागलाय."

तो गेला. भंगारवाल्यासमोर हात जोडून उभा राहिला आणि काय सांगावं ते न सुचून एवढंच म्हणाला, "वजनं घरातच होती. माझ्या बहिणीला बरं नाही." भंगारवाल्याने त्याचे जोडलेले हात खाली केले. दुसऱ्या दिवशी येऊन तो ताईसाठी एक जुना पितळी भोंगा देऊन गेला, रबरी फुग्याचा. तो साईडकारला बसवला, आणि त्या दिवसापासून गल्लीतल्या कुत्र्यांच्या नाकी नऊ आले.

गाडी बंद झाली नाही. किती वेळा जिभेवर आलं, ताई, आज राहू दे. पण त्याने ते गिळलं. दर शनिवारी ताई उघडपणे काट्यावर उभी राहायची, तो आकडा मनात वाचायचा, मोठ्याने नाही, आणि फळीवरून वजन काढून तिच्या हातात द्यायचा. ती पिशवी शिवायची. शिवणं होईना तेव्हा तो शिवायचा आणि ती त्याच्या टाक्यांना हसायची. "पोतं शिवतोयस का रे?" सीटखालची जागा भरली, मग पायाशी वजनं आली, मग पाठीमागे. त्यांच्यावर गोधडी. नटाला त्याने पुन्हा हात लावला नाही. गाडी नाकासमोर चालत होती.

वाढदिवसापर्यंत ताईला उभं राहवेना. काटेवाल्याने तिला जिन्यावरून हातांवर उचलून खाली आणलं. काट्याजवळ आल्यावर ती म्हणाली, "चढव की. रीत आहे."

"झालं मोजून," तो म्हणाला.

"किती?"

"बाजारात सांगण्यासारखं नाही."

ती हसली. त्याने तिला साईडकारमध्ये बसवलं, सगळीकडून उशा लावल्या, रुमाल बांधला, गॉगल लावला. गॉगल सैल झाला होता, त्याला मागे गाठ मारली. डॉक्टर नको म्हणाले होते. डॉक्टरांना ताईने सांगितलं होतं, "तुम्ही पण या, मागच्या सीटवर जागा आहे."

दीपगृहापाशी वारा सपाटून होता. दोघं गाडीतच बसून राहिली. थर्मासमधला चहा त्याने झाकणातून तिला घोट घोट पाजला. ती समुद्राकडे बघत होती. बाबा इथेच वजनं उतरवून आपल्याला पळायला लावायचे, ती म्हणाली. तू नेहमी हरायचास. मी मुद्दाम हरायचो, तो म्हणाला. खोटारडा, ती म्हणाली. निघताना तिने भोंगा एकदा दाबायचा प्रयत्न केला. फुगा दबेना, म्हणून त्याने तिच्या हातावर हात ठेवून दाबला.

"सावकाश चल," ताई म्हणाली. "घरी काही दूध उतू जात नाहीये."

तो सावकाश चालला. ऊन मऊ झालं होतं, रस्ता रिकामा होता. सरळ पट्टा लागला तेव्हा त्याने जुन्या सवयीने हँडलवरचे हात क्षणभर सोडले. गाडी रेषेसारखी सरळ गेली. ताई ते बघून हसली, असं त्याला वाटलं. पेट्रोल पंपावर कुणीतरी हात केला, तो थांबला नाही.

पुढे डावं वळण होतं, झाडांतून जाणारं. उगाच लांबचं, ताईच्या आवडीचं. आजारपणातही त्या वळणाला ती झुकायची. बळ नसेना का, नुसतं डोकं का होईना ती डावीकडे टाकायची, आणि तेवढंही त्याला हँडलमध्ये कळायचं.

"वळतोय गं!" काटेवाला ओरडला.

चाक उचललं.

फार नाही, बोटभर. गाडीत वजन तेवढंच होतं, ग्रॅमभर कमी नाही, ते त्याने स्वतः भरलं होतं. फक्त डावीकडे कुणी झुकलं नव्हतं. त्याचा वेग आपोआप उतरला, चाक परत जमिनीला टेकलं आणि वळण संपलं.

त्याने रस्त्याकडेला गाडी घेतली आणि इंजिन बंद केलं. स्प्रिंग आठवली नाही, नट आठवला नाही, टायर आठवला नाही. या वेळी हाताने सांगितलं आणि डोक्याने तिथल्या तिथे ऐकलं. तो हँडल धरून समोर बघत बसून राहिला. डावीकडे त्याने खूप वेळ बघितलं नाही.

मग तो उतरला. तिच्या गळ्यापर्यंत गोधडी ओढली, रुमालाची गाठ नीट केली, गॉगल तसाच राहू दिला. आणि पुन्हा किक मारली.

घरापर्यंत आणखी बरीच डावी वळणं होती. तो चालत्या माणसाच्या वेगाने गेला, चाक उचलायला नको म्हणून. पण प्रत्येक वळणाच्या थोडं आधी तो सांगत होता, वळतोय गं, ताई, वळतोय.